मावशींच्या हातात लोळणारा पडदा

एका बाईनं अख्खा लॅपटॉप कुशीवर झोपून चालवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. कुणाला सांगितलं तर थाप वाटते. वाटू द्या! पडद्यावरचं चित्र आडवं झालेलं, त्यातली माणसं भिंतीवरच्या पालीसारखी चिकटलेली, आणि मावशी दिवाणावर डाव्या कुशीवर, कानाखाली उशी, नाकावर चष्मा, एका बोटानं लग्नाळू पोरांचे फोटो सरकवून राह्यलेल्या. मी दारात आ वासून उभा. मान न उचलता त्यांनी विचारलं, "मास्तर, हा परतूरचा पोरगा कसा वाटतो? उभ्यानं न्हाई कळायचं. झोपा जरा."

आणि मी झोपलो. खाली सतरंजीवर, डाव्या कुशीवर. मावशींनी झोप म्हटलं की माणूस झोपायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. पोरगा बरा होता, मिशी मात्र उगाच ठेवलेली, असं आमच्या दोघांचं मत पडलं.

अंबडला मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो आणि मावशींच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन कैक वर्षं उलटलेली, आणि आता त्यांचा एकच धंदा, लग्नं जुळवणं. धंदा आपलं म्हणायचं. चहाच्या कपापलीकडं त्यांनी कुणाचं काही घेतलेलं मला माहीत नाही. पण कारभार केवढा! वडीगोद्रीपासून परतूरपर्यंत कुठल्या घरात लग्नाचं पोरगं आहे, कुठल्या घरात पोरगी आहे आणि कुठल्या घरातला काका ऐन वेळी मोडता घालतो, सगळं तोंडपाठ. एसटीत चढल्या की कंडक्टर तिकिटाच्या आधी भाचीसाठी स्थळ विचारायचा.

चौकशीची त्यांची रीत वेगळी होती. देवळात कधी चौकशी करू नये म्हणायच्या, तिथं सगळेच चांगले असतात. चौकशी करावी पिठाच्या गिरणीत. नंबर लागेस्तोवर बायांना बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं आणि गिरणीच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून खोटं फार वेळ टिकत नाही. पोरगा घरी आला की त्याच्या पुढ्यात सुपात तुरीची डाळ ठेवायच्या आणि बोलता बोलता निवडायला लावायच्या. जो खडे बघून डाळीवर चिडला तो गेला. बायोडाटात 'निर्व्यसनी' असं लिहिलेलं दिसलं की त्या पोराकडं मायेनं बघत फक्त एवढंच विचारायच्या, "कधीपासून?" निम्मे तिथंच गारद व्हायचे.

पण त्यांचा खरा हट्ट पोरीच्या बाबतीत असायचा. पोरीच्या स्वतःच्या तोंडून 'हो' ऐकल्याबिगर त्या गाठ मारायच्या नाहीत. पोरीला वाळवणाच्या निमित्तानं गच्चीवर न्यायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि विचारायच्या. पोरीनं नुसती मान हलवली की झालं, मावशींचं डोकं फिरायचं. "मान तर नंदीबैल बी हलवतो. तोंडानं बोल."

परतूरला एकदा साखरपुड्याच्या दिवशीच त्यांना कळलं, की पोरीला विचारलेलंच नाही. विचारण्याचं काम ज्या मामीकडं होतं तिनं परस्पर 'हो' सांगून टाकलं होतं. मांडव घातलेला, पंगतीची तयारी झालेली, पाहुणे येऊन बसलेले, आणि मावशी साडीचा पदर खोचून पोरीला घेऊन निघाल्या गच्चीवर. खाली सगळ्यांची पाचावर धारण बसली. वरून दोघी उतरल्या त्या पोरीचं स्पष्ट 'न्हाई' घेऊनच. काय गोंधळ झाला म्हणता! पोरीचा बाप अंगावर धावून आला. मावशी शांतपणे खुर्चीवर बसल्या, समोरच्या ताटातला एक पेढा उचलला आणि खाऊ लागल्या. साखरपुडा मोडला म्हणून पेढा कडू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढं वर्षभरात त्याच पोरीचं लग्न त्यांनीच जमवलं आणि तोच बाप त्यांच्या पाया पडला.

एवढी ही वाघीण घरात मात्र एका माणसापुढं हरायची. ती म्हणजे त्यांची सून.

मावशींचा एकुलता एक मुलगा काविळीनं गेला. मी राहायला आलो त्याच्या आधीची गोष्ट. सून माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, ती गेली नाही. गावातल्याच एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची, संध्याकाळी वह्या तपासायची, मावशींच्या गुडघ्यांना तेल लावायची. मी त्यांना वहिनी म्हणायचो. बोलणं कमी, पण कामात बराबर. आणि मावशींनी मनाशी पक्कं केलं होतं, की ह्या पोरीचं दुसरं लग्न आपण स्वतः लावून द्यायचं.

सोपं नव्हतं ते. त्या घराण्यात विधवेचं लग्न कुणी केलेलं नव्हतं. भाऊबंद म्हणाले, म्हातारीला सून जड झाली. मावशींनी ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. त्यांना भाऊबंदांची फिकीर नव्हती. त्यांची पंचाईत निराळीच होती. त्या वहिनींना विचारायच्या आणि वहिनी प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायच्या, "तुम्ही म्हणाल तसं, आई."

झालं! दुसऱ्या कुठल्याही सासूला हे ऐकून आनंद झाला असता. मावशी मात्र वर माझ्या खोलीत येऊन धुसफुसायच्या. म्हणायच्या, मास्तर, दुनियेच्या पोरींना मी बोलतं केलं आणि माझ्या घरातली पोर मला नंदीबैलासारखी मान हलवून राह्यली. ती माझ्या धाकानं हो म्हणून राह्यली का माझ्या दयेनं, का तिला खरंच पाहिजे, हे मला कसं कळावं? धाकानं धाडली तर मी तिला घरातून हाकलल्यासारखं होईल. आणि धाडलीच न्हाई तर माझ्या गुडघ्याला तेल लावता लावता म्हातारी होईल.

एवढं बोलून लगेच त्या विषय बदलून लॅपटॉपवर यायच्या.

तर हा लॅपटॉप. तो त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं जुना झाला म्हणून दिलेला. ह्याचा पडदा मागं मागं जात पूर्ण पालथा व्हायचा. पूर्ण दुमडला की पाटी, अर्धा दुमडून उभा केला की तंबू. मावशी पहिल्या दिवशी लहान पोरासारख्या नाचल्या. म्हणाल्या, आता मला दोन्हीकडच्या पाहुण्यांना फोटो हातात द्यायला नको. मधल्या टेबलावर तंबू ठोकायचा, पोरगा दाखवायचा, तंबू फिरवायचा, पोरगी दाखवायची. फोटो हातातून हातात फिरला की पोरीच्या रंगावर बोलायला लोकांना जोर चढतो, टेबलावर ठेवला की जरा धाकात राहतात, हा त्यांचा अनुभव.

आणि पहिल्याच बैठकीत तंबू झोपला! म्हणजे लॅपटॉप जागच्या जागी, पण पडद्यावरचा पोरगा धाडकन आडवा. मावशींनी बोट लावलं तर उलटा. डोकं खाली, पाय वर. पोराची आजी म्हणाली, काय अवदसा आहे ही, आणि उठून गेली.

मग मला बोलावणं आलं. मी तर चेकाळलोच. क्लासमध्ये पोरांना तेच ते टायपिंग शिकवून कंटाळलो होतो, इथं खरीखुरी बिमारी मिळाली होती! सेटिंगमध्ये जाऊन पडदा फिरायचा बंद केला. झाला सरळ. मावशींना दिला. दोन फोटो बघेस्तोवर पुन्हा आडवा. कंट्रोल आणि ऑल्टबरोबर बाण दाबला, की जुन्या मशिनीत पडदा सरळ होतो. तेही शिकवलं. मावशींनी दाबलं तर बटणंच मेलेली. मी हातात घेतलं, बटणं जिवंत. दिशा ओळखणारा जो पुर्जा आत असतो त्याचा ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. तो पुर्जा जुना आणि जरा अडाणीच होता, उभ्याला आडवं समजायचा, हे मला तेव्हाच कळलं. पण त्याला मी बंद करून ठेवला होता. बंद केलेला गडी मावशींच्या हातात गेला की उठून बसायचा. का? माझ्या हातात का नाही?

माझ्या नाकी नऊ आले. मी लॅपटॉप घेऊन जालन्याला गेलो, एका ओळखीच्या दुकानात. दुकानदारानं तासभर उलटासुलटा करून बघितला, काही बिघाड नाही म्हणाला. पुढच्या खेपेला मावशी स्वतः आल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं मिळून मला येड्यात काढून राह्यले. काउंटरवर कोपर टेकवून त्यांनी लॅपटॉप पुढं ओढला आणि पडदा फिरला. दुकानदार बघतच राहिला. त्यानं ओढून घेतला, सरळ. मावशींनी घेतला, आडवा. शेवटी त्या माणसानं हात जोडले. "मावशी, मशीन बिलकुल चांगली हाय. ती तुम्हाला घाबरून राह्यली."

मावशींना हे फार आवडलं. परतताना एसटीत त्यांनी तीन-चार जणांना तरी सांगितलं असेल.

त्यानंतर त्यांनी दुरुस्तीचा नाद सोडला आणि जमवून घेतलं. पडदा आडवा झाला की कुशीवर झोपायच्या, उलटा झाला की तंबू करून उलटा ठेवायच्या, म्हणजे चित्र सुलट. बटणं मेली की बोटानं पडद्यावर काम. मी वैतागून म्हणालो, असं किती दिवस? तर म्हणाल्या, मास्तर, चाळीस पोरांच्या वर्गात एक पोरगं भिंतीकडं तोंड करून बसायचं. मी त्याला कधी फिरवलं नाही, मी भिंतीकडून शिकवायला जायचे. पास झालं ते.

वहिनी हे सगळं बघायच्या. कधी स्वयंपाकघराच्या दारातून, कधी वह्या तपासता तपासता. एकदोनदा मला वाटलं, काही सांगणार आहेत. पण मावशी लॅपटॉपशी भांडत असल्या की त्या उठून आत जायच्या. मी समजलो, सासूचा पोरखेळ बघून कंटाळल्या.

आणि अशात ते स्थळ आलं.

मूळचा वडीगोद्रीचा, फौजेत होता. लग्न एकदा होऊन मोडलेलं, घरात एकटी आई. मावशी स्वतः तिथल्या गिरणीवर दळण घेऊन गेल्या! अंबडहून पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन एसटीनं वडीगोद्रीला, दळायला. तिथं बायांकडून कळलं, की पोरगा सुट्टीवर आला की आईचे कपडे धुतो. मोडलेल्या लग्नाबद्दल त्यानं गावात बायकोविरुद्ध एक शब्द काढलेला नाही. मावशी पीठ घेऊन परत आल्या त्या उड्या मारतच. चौकशी झाली, फोटो झाले, त्याच्या आईची भेट झाली. त्याची हरकत नव्हती.

हरकत होती वहिनींच्या वडिलांची. परतूरकडचे जुने बागायतदार, पांढरी टोपी, शब्द मोजून बोलणारे. मावशी तीनदा जाऊन आल्या तेव्हा ते कसेबसे कबूल झाले. एकदा बघतो म्हणाले. पसंत पडलं तर ठीक, नाही पडलं तर हा विषय पुन्हा ह्या घरात निघायचा नाही, पोरीला मी घेऊन जाईन. एकदाच. दुसरी संधी नाही.

पोराला सुट्टी मिळत नव्हती. त्याची नेमणूक कुठंतरी डोंगरात, नेटवर्क दुपारी थोडा वेळ यायचं. म्हणून ठरलं, रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. मोबाइल चालणार नाही, असं मावशींनी ठणकावलं. वडिलांची नजर अधू होती आणि मोबाइल हातातून हातात फिरला की माणसाचं फक्त नाक दिसतं. मोठा पडदा पाहिजे. म्हणजे हाच लॅपटॉप.

मी आदल्या दिवशी त्याची अशी तयारी केली की विचारू नका. पडदा सरळ, फिरणं बंद, आवाज बराबर, चार्जर लावलेला. मावशींना हात जोडून विनंती केली, उद्या ह्याला बोट लावू नका. त्या म्हणाल्या, नाही लावणार, शपथ. रात्री जेवताना त्यांनी वहिनींना पुन्हा विचारलं, आणि पुन्हा तेच ऐकलं, "तुम्ही म्हणाल तसं, आई." मावशींनी भाकर अर्धी सोडली.

रविवारी वडील आले, दिवाणावर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली. वडीगोद्रीहून पोराची आई आली, सोबत घरची शेव आणि चकल्या. वहिनी चहा देऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. मी कॉल लावला. घंटी वाजतेय, वाजतेय, आणि लागला! पडद्यावर फौजी, सरळ, ताठ, मागं टिनाची भिंत. त्यानं वडिलांना राम राम केला. वडिलांनी पुढं झुकून बघितलं, बरं दिसतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

आणि मावशींना राहवलं नाही. काय करणार, त्यांचा स्वभाव! "थांबा, माझ्याशी बोला आधी," म्हणत त्या पुढं सरकल्या आणि लॅपटॉपला दोन्ही हातांनी धरून जवळ ओढला.

फौजी आडवा झाला. मी झडप घातली, बटणं मेलेली. मावशी घाबरून मागं सरल्या, फौजी उठून उभा राहिला. "दिसून राह्यलं ना?" तो विचारतोय. मावशी पुन्हा पुढं आल्या, हो हो म्हणत कडेला बोट लावलं, आणि तो थेट उलटा. टोपी खाली, छाती वर, आणि तो बिचारा तिकडून गंभीरपणे आपल्या नोकरीची माहिती देऊन राह्यलेला.

मला हसू आणि रडू एकदम आलं. पण वडिलांना हसू आलं नाही. त्यांनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली, पिशवी घेतली. "हे काही लक्षण बरं न्हाई," म्हणाले. "पहिल्याच बोलण्याला माणूस उलटा. जाऊ द्या, विहीणबाई. झालं बघून." पोराच्या आईनं पदर तोंडाला लावला. मावशी तशाच लॅपटॉप धरून बसल्या होत्या. परतूरच्या अख्ख्या मांडवापुढं न घाबरलेली बाई! त्यांच्याकडं बघवेना. वडील उंबऱ्यापर्यंत पोचले.

"आई, तुमच्या हातातलं कडं काढा."

वहिनी बोलल्या. दाराशी उभ्या राहूनच, पण चांगलं खणखणीत. वर्गात बोलत असतील तसं.

आम्ही सगळे मावशींच्या उजव्या मनगटाकडं बघायला लागलो. काळपट रंगाचं एक कडं होतं तिथं. रोज डोळ्यांसमोर होतं, पण मला ते त्यांच्या हाताचाच भाग वाटायचं. चुंबकाचं कडं. सांधेदुखीवर चांगलं म्हणून बाजारात विकतात ते. वहिनींनी मला दोन वाक्यांत सांगितलं. लॅपटॉपच्या आत चुंबक असतं, पडदा पाठीमागं दुमडला की ते खालच्या एका पुर्ज्याजवळ येतं, त्यावरून मशिनीला कळतं की आपली पाटी झाली. पाटी झाली की बटणं बंद, पडदा फिरायला मोकळा, आणि तो बंद केलेला अडाणी पुर्जा जागा. मावशींचा हात कडेला गेला की मशिनीला वाटतं, आपल्याला दुमडलं. मी कपाळावर हात मारून घेतला. हे! एवढंच! आणि मी जालन्याच्या चकरा मारत होतो!

मावशींचं मात्र माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या सुनेकडं बघत होत्या.

"तुला माहीत होतं?"

"होतं. लई दिवसांपासून."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

वहिनींनी कड्याकडं बघितलं. "त्यांनी घातलंय ना तुमच्या हातात."

तेव्हा मला कळलं, ते कडं कुणाचं. मुलानं आईच्या हातात स्वतः चढवलं होतं, आजारी पडायच्या थोडं आधी. तेव्हापासून ते एकदाही उतरलं नव्हतं. अंघोळीला नाही, कणीक मळताना नाही. वहिनींना सगळं ठाऊक होतं, आणि मशीन रोज बिघडत होती, आणि त्या गप्प होत्या. सासूच्या हातातून नवऱ्याची ती खूण उतरवायला सांगायची त्यांच्यात हिंमत नव्हती. 

उलटा फौजी विचारत होता, "हॅलो, आवाज येऊन राह्यला का?"

"मंग आज कामून बोललीस?" मावशींनी विचारलं. अगदी हळू.

वहिनींनी एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा त्या उलट्या माणसाकडं. "मला त्यांच्याशी बोलायचंय, आई."

मावशींचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्या एकदम उठल्या आणि कडं ओढायला लागल्या. निघेना! हाडं सुजलेली, कडं रुतलेलं. वडीगोद्रीच्या आईनं स्वयंपाकघरात धाव घेऊन खोबरेल तेलाची बाटली आणली, मनगटावर ओतली. त्यांची आणि वहिनींची धड ओळखही नव्हती, पण वहिनींनी कोपर धरलं आणि त्यांनी कडं फिरवत फिरवत ओढलं. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या म्हणत होत्या, ओढा ताई, ओढा, घाबरू नका. निघालं! हातावर पांढरा वळ उमटला होता. मावशींनी कडं वहिनींच्या ओंजळीत ठेवलं, वहिनींनी ते आत देवाजवळ ठेवून दिलं.

मी बटण दाबलं. फौजी सरळ झाला.

मावशींनी लगेच सगळ्यांना हाकललं. "चला, अंगणात. पोरीला बोलू द्या." वडिलांच्या हाताला धरून त्यांनी त्यांना लिंबाखाली खुर्चीवर बसवलं. पिशवी अजून त्यांच्या मांडीवर. मला वाटत होतं, आता उठतील, मग उठतील. आतून वहिनींचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच त्या हसल्या. मोठ्यानं. त्या घरात मी एवढे दिवस राहिलो, पण वहिनींचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. वडिलांनी मान वळवून खिडकीकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग पिशवी खाली ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मावशींना म्हणाले, "चहा होऊन राह्यला का पुन्हा? साखर जरा कमी टाका."

मी आनंदानं उडीच मारली. वडीगोद्रीच्या आईनं माझ्या तोंडात चकली कोंबली.

नेटवर्क गेलं तेव्हा वहिनी बाहेर आल्या. गाल लाल झालेले. आत जाऊन कडं आणलं, पदरानं त्याचं तेल पुसलं आणि मावशींच्या समोर उकिडव्या बसल्या. "द्या हात, आई."

मावशींनी तो हात पदराखाली घेतला. "राहू दे," म्हणाल्या, "उद्या बी फोन येईल त्याचा."